हिरव्या पिकअपचं ताट

"एक ताट," टाकिस म्हणाला आणि त्यानं एक जाडजूड बोट रोंडाच्या नाकासमोर धरलं. "आज एक ताट जरी परत आलं ना, तर उद्यापासून तव्यावर वासिली. तू परत कॉफीची किटली धर. कळलं?"

"रविवारी ताटं परत येतातच बॉस. लेनी असतानाही यायची."

"लेनीची गोष्ट वेगळी."

हे काय उत्तर झालं? वेगळी म्हणजे कशी वेगळी? पण टाकिस तोवर दुखरा गुडघा ओढत गल्ल्याकडं निघूनही गेला होता. थालिया डायनर त्याचं, गल्ला त्याचा, आणि त्याला वाटायचं की शेवटचा शब्दही त्याचाच. रोंडानं उलथणं तव्यावर आपटलं. जोरात. ऐकू जावं म्हणूनच.

अठरा वर्षांची पोर. शाळा मागच्या साली सोडली. सोडली म्हणजे काय, गणिताच्या तासाला उठली आणि बाहेर पडली ती परत गेलीच नाही. आई बोलबोल बोलली, मग थकली. तेव्हापासून रोंडा थालियात काउंटरवर कॉफी ओतायची, गिऱ्हाइकांचे शिळे विनोद ऐकायची आणि डोळा ठेवायची तव्यावर. लांबलचक काळा तवा, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका बाजूला अंडी, मधे मांस, कडेला बटाटे. दुपारी गिऱ्हाईक पातळ झालं की लेनी तिला हाक मारायचा, "ये गं भवाने, हात चालव." तिथंच शिकली ती. दोन्ही हातांनी अंडी फोडायला शिकली, तव्याचा कुठला कोपरा खोटं बोलतो ते शिकली. तव्यापुढं उभं राहिलं की डोकं शांत व्हायचं. जगात दुसरीकडं कुठंच व्हायचं नाही.

मग लेनीचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगितलं, उभ्याचं काम बंद. जागा मोकळी झाली. आठवडाभर रोंडानं तवा सांभाळला, चकार शब्द कुणी काढला नाही. तरी आज परीक्षा! कारण टाकिसच्या बहिणीचा पोरगा, वासिली. वसंतात ग्रीसहून आला होता. दिसायला राजबिंडा, केस असे की वेटर आर्लीन म्हणायची, 'याच्या डोक्यावरून हात फिरवायचे पैसे घेतले तर डायनर बंद करता येईल.' पण अंडं फोडायचं म्हटलं की हा त्यावर असं टकटक करायचा, जसं काही आत कुणी झोपलंय.

"मामा म्हणतो, मी बघत उभा राहू," वासिली तिच्या मागं येऊन म्हणाला.

"लांबून बघ."

"किती लांबून?"

"ग्रीसमधून."

वासिली हसला. त्याला काही लागतच नसे. हेच तर डोक्यात जायचं.

सकाळची प्रार्थना सुटली. चर्चमधून गाड्या निघाल्या आणि एकामागं एक थालियाच्या अंगणात वळायला लागल्या.

आता थालियाची एक रीत होती. गल्ला मोठ्या खिडकीला लागून, समोर सगळं अंगण. टाकिस तिथं स्टुलावर बसायचा. नेहमीच्या गिऱ्हाइकाची गाडी वळली की तो तव्याकडं तोंड करून ओरडायचा. माणसाचं नाव नाही, गाडीचं. "निळी ब्युक!" म्हटलं की तीन पॅनकेक आणि बेकन. "तपकिरी फोर्ड!" म्हटलं की ऑम्लेट, कांदा कमी. माणूस गाडी लावणार, कुलूप घालणार, दारात बूट पुसणार, टोपी खुंटीला अडकवणार, तोवर त्याच्या जागेवर त्याचं ताट हजर. विचारायचं नाही, सांगायचं नाही, चिठ्ठी नाही. परगावचं कुणी पहिल्यांदा आलं की तोंड उघडं टाकून बघत बसायचं, आणि टाकिस गल्ल्यामागं उगाच कागद चाळत बसायचा, मिशीत हसत.

तव्यावाल्यानं फक्त ऐकायचं. कारण तवा भिंतीला. पाठ खिडकीकडं, तोंडासमोर चकचकीत पत्रा, त्यात दिसलं तर आपलंच घामट नाक.

"निळी ब्युक!"

"टाकली!" रोंडा ओरडली.

"तपकिरी फोर्ड! मागं पांढरी व्हॅन, पोरं आहेत आत!"

"टाकली, टाकली!"

हात चालायला लागले. पॅनकेक फुगले, उलटले. बेकन चरचरलं. आर्लीन बाकीच्या गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या आणून तव्याशेजारी टांगलेल्या फिरत्या चक्राला लावत होती. वीस वर्षं वेटरचं काम केलेली बाई, दोन्ही दंडांवर ताटं रचून अशी निघायची की सर्कशीत घ्यावी. काउंटरच्या टोकाला हर्ब बसला होता. आयुष्यभर टपाल वाटलं, आता टोमणे वाटतो.

"पोरी," हर्ब अंडं कालवत म्हणाला, "झालंय छान. पण लेनीच्या हातची चव नाही."

"लेनीच्या हाताला नव्हती, घामाला होती. मी हात धुऊन तव्यावर येते."

"बघा! जीभ बघा हिची. टाकिस, हिला तव्यावर नको, कोर्टात उभी कर!"

सगळे हसले. टाकिस नाही हसला. तो दर ताटाकडं बघत होता, जाताना आणि रिकामं येताना. एक बाई पोर्क चॉप कडक आहे म्हणून कुरकुरली तेव्हा रोंडानं मान वळवून बघितलं. पण आर्लीननं त्या बाईच्या ताटावर जास्तीचा सॉस ओतला, "ताई, दातांना व्यायाम," म्हणाली आणि पुढं सरकली. ताट परत नाही आलं. आर्लीननं रोंडाला हळूच डोळा मारला.

गर्दी ओसरायला लागली होती. रोंडाला वाटायला लागलं होतं, जमलं. पार पडलं.

"हिरवी पिकअप!"

टाकिसचा आवाज एकदम वेगळा आला. उंच. लग्नात कुणी नाव पुकारतं तसा. स्टुलावरून उठून तो चक्क खिडकीला नाक लावून उभा होता, तेवढ्यात बिल द्यायला दोघंतिघं आले आणि त्याला गल्ल्याकडं वळावं लागलं.

"आला का म्हातारा?" आर्लीन म्हणाली. "देवा! मी तर मेणबत्ती लावायला निघाले होते."

हिरवी पिकअप म्हणजे वॉल्ट शिमान्स्की. मागचे दोन आठवडे फिरकला नव्हता. टाकिसनं थालिया उघडलं त्या सकाळी पहिली कॉफी वॉल्टनं घेतली होती आणि 'पांचट आहे' म्हणाला होता. तेव्हापासून रोज यायचा, रोज 'पांचट आहे' म्हणायचा. दोघं एकमेकांशी दुसरं काही फारसं बोलत नसत. लागतच नव्हतं.

रोंडानं वॉल्टचं ताट असं केलं की काय सांगावं. स्क्रॅपलची जाड वडी, डुकराच्या मांसाची आणि मक्याच्या पिठाची, दोन्हीकडून खरपूस, आतून मऊ. दोन अंडी, हलकेच उलटलेली, पिवळं हलतंय पण फुटत नाही. राय ब्रेड भाजलेला, लोणी न लावता, कारण लोणी लावलं तर म्हातारा चाकूनं खरवडून काढायचा आणि तो चाकू तुमच्याकडं रोखून बोलायचा. ताट उचलताना तिला स्वतःलाच भूक लागली. आर्लीननं मागं न बघता ताट घेतलं, मागं न बघता वॉल्टच्या फिरत्या स्टुलासमोर ठेवलं आणि पुढच्या टेबलाकडं वळली. तिच्या हातांना ती जागा डोळ्यांपेक्षा जास्त पाठ होती.

"अहो," एक आवाज आला. "हे काय?"

रोंडानं वळून बघितलं. वॉल्टच्या स्टुलावर एक पंचविशीचा पोरगा बसला होता. शर्टावर रंगाचे शिंतोडे, कानामागं पेन्सिल.

"ताट आहे," आर्लीन म्हणाली, पण तिचाही आवाज अडखळला.

"ते दिसतंय. पण मी काही सांगितलंच नाही अजून. मला फक्त कॉफी पाहिजे."

"मग हे मागवलं कुणी?" आर्लीननं विचारलं.

"तुझ्या गाडीनं," हर्ब म्हणाला. स्वतःच हसला आणि कुणी साथ दिली नाही म्हणून गप्प बसला.

"अंडी चालत नाहीत हो मला," पोरगा म्हणाला. बिचारा खरंच ओशाळला होता. "खाल्ली की ओठ सुजतात. घेऊन जा प्लीज." आणि त्यानं ताट बोटानं पुढं सरकवलं. काउंटरच्या या बाजूला. तव्याच्या बाजूला.

तव्यावर बटाटे तेवढे चुरचुरत होते.

टाकिस गल्ल्यामागून बाहेर आला. "ती बाहेरची हिरवी पिकअप. तुझी?"

"हो. म्हणजे आता माझी. दहाबारा दिवस झाले घेऊन."

"वॉल्टनं विकली?"

"शिमान्स्की ना? हो. त्यांना दिसत नाही आता. कडेकडेचं दिसतं, मधलंच दिसत नाही म्हणे. मुलगी येऊन घेऊन गेली. ओहायोला का कुठं."

"ओहायोला." टाकिसनं काउंटरला हात टेकला. "काही निरोप दिला का?"

"कुणाला?"

"इथं. डायनरला."

पोरगा विचार करत राहिला. काहीतरी चांगलं आठवावं म्हणून त्यानं खरंच प्रयत्न केला, ते दिसत होतं. "नाही बुवा," तो शेवटी म्हणाला. "तेल वेळच्या वेळी बदल म्हणाले. गाडीचं."

टाकिसनं मान हलवली. टूथपिकची डबी सरळ केली. मग परत सरळ केली, ती सरळच होती. रोंडाला हे सगळं दिसत होतं. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही, हीच तर पंचाईत. तिला कळलं की टाकिसच्या काळजात काहीतरी मोडलंय. आणि तिला हेही कळलं की आता ते कुणावर तरी निघणार.

टाकिस वळला. "ताट परत आलं," तो म्हणाला.

"काय?"

"परत आलं. मी काय सांगितलं होतं सकाळी? वासिली, ये इकडं. उलथणं घे."

"थांबा थांबा थांबा!" रोंडाचं डोकं सणकलं. "हाक कुणी मारली? तुम्ही मारली! हिरवी पिकअप म्हणालात, हिरव्या पिकअपचं ताट दिलं. त्यात काय चुकलं? पिवळं फुटलं का? स्क्रॅपल करपलं का?"

"तव्यावाल्यानं बघावं लागतं."

"कशानं? पाठ आहे माझी तिकडं! पाठीला डोळे आहेत का मला?"

"लेनीला होते," हर्ब म्हणाला.

"हर्बकाका, तुम्ही गप्प बसा नाहीतर बटाटे टोपीत मिळतील!"

"बॉस," आर्लीन मधे पडली, "माझं चुकलं. बघायला पाहिजे होतं मी ठेवताना."

"तू काय बघणार? तू हातानं बघतेस." टाकिसनं रोंडाच्या हातातून उलथणं घेतलं. ओढून नाही, हळूच घेतलं, आणि त्यानंच ती जास्त चिडली. त्यानं ते वासिलीच्या हातात दिलं. वासिलीनं ते असं धरलं, जसं कुणी दुसऱ्याचं तान्हं पोर हातात ठेवावं.

बोलायला खूप होतं. तुमचा दोस्त तुम्हाला न सांगता गेला तर त्यात माझा तवा का जातो, हे ओठांवर आलं होतं. टाकिसच्या त्या डबीवरच्या बोटांकडं बघून ते तिनं गिळलं. गिळलं म्हणून अजून घुसमटली. च्यायला, भांडायचं तर समोरचा धड भांडण्यासारखा तरी असावा ना! याच्याशी धड भांडताही येत नव्हतं आणि गप्पही बसवत नव्हतं.

तिनं ॲप्रन सोडला. खुंटीला टांगला. काउंटरच्या फळीखालून वाकून पलीकडं आली, गिऱ्हाइकांच्या बाजूला.

"ऊठ," ती रंगाऱ्याला म्हणाली.

"मी?"

"कॉफी घेऊन शेजारच्या स्टुलावर बस. जा."

तो मुकाट्यानं सरकला. रोंडा वॉल्टच्या जागी बसली, ताट पुढं ओढलं आणि काटा उचलला.

"हे काय चाललंय?" टाकिस म्हणाला.

"जेवतेय. गिऱ्हाईक आहे मी. ताट परत गेलेलं नाही, उशिरा बसलंय एवढंच."

"तू कामाला आहेस!"

"आत्ताच काढलंत ना तव्यावरून? मग आता माझी सुट्टी चालू आहे. आर्लीन, मला कॉफी. पांचट नको."

आर्लीननं तोंड फिरवलं, तिचे खांदे हलत होते. हर्ब मोठ्यानं म्हणाला, "कायद्यानं बरोबर आहे पोरगी. टपाल घरात कुणीही घेतलं तरी पोचलंच समजायचं."

"तुला कुणी विचारलं?" टाकिस ओरडला.

रोंडा खात राहिली. अंडं गार व्हायला लागलं होतं, टोस्ट चामड्यासारखा झाला होता, पण तिनं मान वर केली नाही. हातात उलथणं नाही तर काटा तरी पाहिजे. नाहीतर तिनं काय फेकलं असतं देव जाणे.

तेवढ्यात दुसऱ्या चर्चची प्रार्थना सुटली.

ती गर्दी थालियात नेहमीच उशिरा आणि एकदम यायची, आणि आज कुणी गाड्यांची नावं पुकारत नव्हतं. माणसं दारात तुंबली. आर्लीन चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लावायला लागली, चक्र कागदांनी भरून गेलं. वासिलीनं पहिलं अंडं टकटक करून फोडलं, कवच तव्यावर. दुसरं हातातच. तिसरं चांगलं फुटलं आणि तो त्याच्याकडं इतका खूश होऊन बघत बसला की शेजारचं बेकन काळं झालं.

"वासिली, पॅनकेक!" आर्लीन ओरडली.

"कुठले पॅनकेक?"

"धूर निघतोय ते!"

एक ताट परत आलं. मग दुसरं. मग एक बाई स्वतःच ताट घेऊन गल्ल्यापाशी आली आणि टाकिसला म्हणाली की हे तुम्ही तुमच्या आईला वाढाल का.

रोंडाला वास येत होता. बटाट्यांचा. कडेचे बटाटे, तिनं सकाळपासून थोडं थोडं परतून सोनेरी आणलेले, ते खालून लागत होते. हलवा ना रे, ती मनात म्हणत होती. नुसतं खालून उलथणं घाल आणि हलव. दुसरं काही करू नको. वासिली काहीच करत नव्हता. तिच्या हातातला काटा आपोआप तसा फिरायला लागला, रिकाम्या ताटात खर्र खर्र.

"सरक," कुणीतरी म्हणालं. टाकिस होता. कोटाच्या बाह्या वर केलेल्या, कमरेला रोंडाचाच ॲप्रन, तो पोटावर पुरत नव्हता. त्यानं वासिलीला बाजूला केलं. "जा, गल्ल्यावर बस. पैसे मोजता येतात ना?"

"येतात मामा."

"मग तेवढं कर."

आणि टाकिस स्वतः तव्यापुढं उभा राहिला. त्याला येत होतं. रोंडानं त्याला तव्यावर कधी बघितलंच नव्हतं. जळकं खरवडून काढलं, पुसलं, तेल ओतलं. दोन ताटं गेली, तीन गेली. येत होतं पण वेग नव्हता, आणि गुडघ्याची तर बोंबच. अंड्यांकडून बटाट्यांकडं जायचं म्हणजे त्याला तव्यापुढचा कठडा धरून चालावं लागत होतं. तो एका टोकाला असला की दुसरं टोक जळायचं. तो शिव्या देत होता, ग्रीकमधून, तव्याला, गुडघ्याला, आणि मधेच एकदा 'ओहायो' हा शब्द ऐकू आला.

"मेला हाक मारणार नाही," आर्लीन रोंडाच्या कानाशी पुटपुटली. "मरेल पण मारणार नाही."

"मग मरू दे."

"तू तरी जा गं."

"मी का जाऊ? त्यांनी काढलं. त्यांनी बोलवायचं. चूक त्यांची आहे, आर्लीन!"

"आहेच. मग?"

मग काय? मग काहीच नाही. हेच तर. बरोबर असून उपयोग काय, बटाटे तर जळतच होते. रोंडानं टाकिसकडं बघितलं. तो एकदाही मागं वळला नव्हता. एकदा नुसतं "आर्लीन, चूक—" असं काहीतरी म्हणाला, आणि रोंडानं कान टवकारले, तर पुढं म्हणाला, "चुकीच्या टेबलाची चिठ्ठी आहे ही." बस्स. माफी बिफी विसरा. हा माणूस तव्यावर आडवा पडून भाजून निघाला असता, पण 'रोंडा, चुकलं माझं' एवढं म्हणाला नसता.

ती उठली. आपलं ताट उचललं, फळीखालून वाकून आत गेली, ताट मोरीत टाकलं. ॲप्रन नव्हता म्हणून कमरेला पुसायचं फडकं खोचलं. भिंतीवरचं दुसरं उलथणं काढलं, ते बारकं, वाकड्या दांड्याचं, जे कुणाला आवडायचं नाही. आणि बटाट्यांपाशी जाऊन उभी राहिली.

तिनं बटाटे खालून उचलले, जळके बाजूला काढले, उरलेले पसरले. चक्रावरची चिठ्ठी ओढली, वाचली, बेकन टाकलं.

"कोणी बोलावलं तुला?" तो तव्याकडंच बघत म्हणाला.

"कुणी नाही."

"ताट परत आलं होतं."

"खाल्लं मी ते. आणि तुमची पाच आली परत, मी मोजली नाहीत म्हणून पाच म्हणतेय. जास्तच असतील."

"वासिलीची."

"तवा तुमचा."

ती अंड्यांच्या टोकाला, तो आणि भिंत यांच्या मधे घुसली. त्याचं कोपर तिच्या बरगडीत लागत होतं. तो हलायला तयार नव्हता आणि अंडी त्याच्यासमोर होती. चक्रावर चार चिठ्ठ्या अंड्यांच्याच लागल्या होत्या.

"सरका," रोंडा म्हणाली.

"तू सरक."

"मी सरकले तर भिंतीत जाईन बॉस! पाय दुखतोय ना तुमचा? मग त्या बटाट्यांशी उभे राहा, तिथं हलायला लागत नाही. अंडी इकडं द्या."

"उद्याचं उद्या बघू," टाकिस म्हणाला. "आज गर्दी आहे म्हणून."

"उद्याचं आत्ता बोला."

"उद्या बघू म्हणालो ना!"

"काय बघणार? काय राहिलंय बघायचं?"

"पिवळं फुटेल तुझं, बडबड करतेस तर."

"नाही फुटत!"

नव्हतं फुटलं. त्यानं वाकून बघितलं, नाकातून आवाज काढला आणि कठडा धरून, एकेक पाऊल, शिव्या देत बटाट्यांकडं सरकला. जाताना चांगलं उलथणं बरोबर घेऊन गेला.

"अहो, ते इकडं ठेवा!" रोंडा ओरडली. पण तो ऐकत नव्हता, आणि चार चिठ्ठ्यांच्या सहा झाल्या होत्या. तिनं वाकड्या दांड्यालाच शिवी हासडली आणि दोन्ही हातांत एकेक अंडं घेतलं.